आईच्या वस्तू, मुलीची दृष्टी

दिवंगत आई-वडिलांचे छायाचित्र म्हटले म्हणजे भिंतीवरील चंदनी हाराची तसबीर डोळ्यांसमोर येते. तीत आदर असतो. परिचय असतोच असे नाही. छायाचित्रकलेने हा परिचय साधता येतो काय, या प्रश्नाच्या विचारासाठी जपानी छायाचित्रकार इशिउची मियाको यांची ‘मदर्स’ ही चित्रमालिका (२०००–२००५) फार उपयुक्त आहे. २००५ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनातील जपानी दालनात ती मांडली गेली.

इशिउची यांचा जन्म १९४७ सालचा. त्या वाढल्या योकोसुका या अमेरिकन नौदलाचा तळ असलेल्या बंदरात. आई २००० साली निवर्तली. मायलेकींचे सूत फारसे जुळलेले नव्हते. त्यामुळे आईच्या मागे राहिलेल्या वस्तूंचे करावयाचे काय, हा प्रश्न मुलीपुढे अधिकच अवघड होऊन उभा राहिला. तिने त्या वस्तूंची छायाचित्रे घेतली: झिजलेली लिपस्टिक, दातांची कवळी, केस अडकलेला ब्रश, मागून येणाऱ्या उजेडात पारदर्शक झालेली अंतर्वस्त्रे. यांत अलंकरण नाही, अश्रूही नाहीत. लिपस्टिकच्या झिजेत ओठांचा रोजचा दाब दिसतो. चेहरा न दाखविताही देह सुचविण्याचे हे सामर्थ्य विलक्षण आहे.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्त यांनी १९७७ साली आई वारल्यानंतर छायाचित्रकलेवर लिहिलेला ग्रंथ १९८० साली प्रसिद्ध झाला. जुन्या चित्रांत आईला शोधता शोधता ती त्यांना पाच वर्षांच्या मुलीच्या एका चित्रात सापडली. ते चित्र मात्र त्यांनी ग्रंथात छापले नाही. इतरांना त्यात केवळ एक मुलगी दिसेल, ही त्यांची भूमिका. बार्त आपला ठेवा झाकून ठेवतात, इशिउची तो उघड्यावर मांडतात. आणि आश्चर्य असे की, परक्या प्रेक्षकालाही त्यात आपली आई आठवते.

आपल्या वाङ्मयात ‘श्यामची आई’ (१९३५) मधील माता बोलण्यातून व वागणुकीतून संस्कार करते. मुलाची भक्ती हाच तिथे स्मृतीचा आधार आहे. भक्तीचा असा आधार नसतानाही आईजवळ जाता येते, हे या जपानी मालिकेचे वेगळेपण होय.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. या आईने तरुणपणी वाहन चालविण्याचा परवाना मिळवून चालक म्हणून काम केले होते. त्या काळी हे धाडसच. परंतु वस्तूंच्या या चित्रांत वार्धक्यातील देह जितका प्रत्ययास येतो, तितकी हाती चाक धरलेली ती तरुणी येत नाही. वस्तू स्पर्श सांगतात. कर्तृत्व सांगावयास शब्दच लागतात. मुलांनी आई-वडिलांचा शोध कॅमेऱ्याने घ्यावा, पण त्यांच्या कामाची हकीकतही टिपून ठेवावी, असे म्हणावेसे वाटते ते यासाठी.

तरीही या साधनेचे फळ मोठे आहे. पुढे इशिउची यांनी हिरोशिमाच्या अणुबाँबला बळी पडलेल्यांचे कपडे चित्रित केले, तेव्हा आईच्या वस्त्रांवर कमावलेली दृष्टीच कामी आली, असे मानावयास हरकत नाही. ‘इशिउची मियाको’ हे मुळात आईचे माहेरचे नाव. मुलीने ते कलावंत म्हणून आधीच धारण केले होते. नाव घेणे सोपे होते. त्या नावाच्या स्त्रीची ओळख पटण्यास मात्र ही मालिका घडावी लागली.