पिकूनही आंबट राहणारी

चिंच नीट बघायची तर खोडापाशी थांबू नये, डहाळी हातात धरावी. एका देठावर दहा ते वीस जोड्या, प्रत्येक पान नखाएवढं आणि समोरासमोर. संध्याकाळी त्या जोड्या मिटतात. एवढ्या थोरल्या झाडाची पानं इतकी बारीक असावीत, यातच मला त्याची निम्मी शोभा वाटते; खाली सावली पडते तीही चाळणीतून गाळलेल्या उन्हासारखी. फुलांकडे तर कुणी मान वर करून पाहत नाही. कळी लालसर, उमलल्यावर पिवळट पाकळ्या, त्यांवर तांबड्या शिरा. ठसठशीत पाकळ्या तीनच. बाकीच्या दोन केसाएवढ्या उरलेल्या.

पण या झाडाचा खरा गुण आकड्यात आहे. आंबा पिकताना आंबटपणा सोडून देतो. चिंच सोडत नाही. गरातलं पाणी आटतं, साखर चढते, टार्टारिक आम्ल मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. कच्च्या आकड्यानं दात आंबतात. पिकलेल्यात तोच आंबटपणा गोडाला सोबत घेऊन येतो. मधली गाभुळलेली चिंच मला सर्वांत प्रिय. टरफल सुटू लागलेलं, गर हिरवटपणा सोडून तपकिरीकडे झुकलेला, जिभेवर आधी आंबट, मग मागून हळूच गोड.

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात होळीच्या सुमारास वर्षाची चिंच येते. ऊन दाखवायचं, टरफलं नि शिरा काढायच्या, फोडून चिंचोके वेगळे करायचे, मीठ लावून गोळे बरणीत दाबायचे. तुरीच्या आमटीत चिंचेचा कोळ पडला की गूळ आलाच; झाडानं जे निम्मं केलंय ते आपण पुरं करतो. सराफ्यातल्या दहीवड्यावरची गोड चटणीही याच जोडीवर उभी आहे. आणि पिळून उरलेल्या चोथ्यानं देवाची पितळी भांडी घासावीत: तेच आम्ल काळपट थर विरघळवतं.

झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण इथं ते इतकं मुरलंय की परकं म्हणायला जीभ रेटत नाही. इंदुरात इमली साहिब गुरुद्वारा आहे. गुरू नानक इथं आले तेव्हा चिंचेखाली बसले, अशी श्रद्धा. मांडूला जाणाऱ्यांना ‘मांडू की इमली’ विकायला दिसते, ती मात्र चिंच नव्हे. ते गोरखचिंचेचं, म्हणजे बाओबाबचं फळ; तेही झाड आफ्रिकेचंच. गर पांढरा, कोरडा, आंबट. चाखायला मजेचा, पण आमटीला आमची चिंचच हवी.

चिंचेचं लाकूड टणक, घाण्याच्या लाटेला आणि खाटकाच्या ओंडक्याला चालणारं. चिंचोक्याचा उपयोग मात्र मला त्याहून मोलाचा वाटतो. भातुकलीतून आणि सोंगट्यांच्या डावातून सुटलेले चिंचोके भिजवून, वाटून, शिजवले की चिकट खळ होते. घोंगडी विणताना लोकरीच्या ताण्याला ती कुंच्यानं लावतात. सूत तुटत नाही, घोंगडी ताठ बसते. घोंगडी धनगरांची, आणि इंदूरचं राज्य उभं करणारे मल्हारराव होळकर धनगराच्याच घरातले. राजवाड्यासमोरून जाताना मला ती घोंगडी हटकून आठवते, आणि तिच्या ताण्यात मुरलेली चिंचोक्याची खळही.