८८ क्रेडिट आणि एक सिद्धता

(टेमघर, भिवंडी येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

निमंत्रण आलं तेव्हा विषय कळवला होता, ‘गणितातील एमएस्सी : संधी आणि आव्हाने’. संयोजकांना विचारून आम्ही त्यातल्या संधी गाळल्या. संधींची यादी कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळते. एखाद्या पुस्तकाचं परीक्षण करावं तसं आज या पदवीचं करू. तिने काय करायचं ठरवलंय, आणि ती ते करते का, एवढंच बघायचं.

आधी आराखडा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा साचा ठरवून दिला. दोन वर्षं, चार सत्रं, ८८ क्रेडिट. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४, दुसऱ्यात ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टला ४, मग तिसऱ्या-चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्पाला ४ आणि ६. बेरीज १८, म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा. साचा सगळ्या विषयांना एकच. रसायनशास्त्राची मुलगी महिनाभर औषधांच्या कारखान्यात गेली तर शिकून येईल, वाद नाही. पण टोपॉलॉजी शिकणारा टेमघरचा मुलगा कुठे जाणार? इथून बाहेर पडलं की एका बाजूला लूम, दुसऱ्या बाजूला गोदामं. तो जातो क्लासमध्ये. जिथे तो आधीपासूनच दहावीच्या मुलांना शिकवून चार पैसे मिळवत होता, तिथलंच सर्टिफिकेट आणतो. असं सांगणारी मुलं आम्हाला भेटली आहेत, आणि त्यांना आम्ही दोष देत नाही.

पण याचा अर्थ भिवंडीत गणिताला काम नाही, असा मुळीच नाही. साटीनचंच बघा. साटीन विणताना आडवा धागा उभ्या धाग्यांत ठरावीक जागी अडकवायचा असतो, आणि दर ओळीला ती जागा ठरावीक घरं पुढे सरकते. पाच धाग्यांचा साटीन दोन घरांनी सरकवा : १, ३, ५, २, ४. पाचही धागे एकेकदा आले, कापड जमलं. आता सहा धाग्यांचा करून बघा. दोनने सरकवलं तर १, ३, ५ आणि परत १. तीनने १, ४, परत १. चारने १, ५, ३, परत १. एकने किंवा पाचने सगळे धागे येतात, पण मग तिरकी रेघ पडते, ते ट्विल झालं. म्हणजे सहा धाग्यांचा नियमित साटीन होतच नाही! कारण सहाशी सामाईक अवयव नसलेल्या, त्याहून लहान संख्या दोनच आहेत, १ आणि ५. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८६७ मध्ये साटीनच्या याच अंकगणितावर लिहिलं होतं. फील्ड प्रोजेक्टची ४ क्रेडिट यावर द्या ना! त्यासाठी लूमवर जाऊन उभा राहणारा प्राध्यापक लागतो, आणि त्याला तेवढा वेळ लागतो. साच्यात क्रेडिटची जागा आहे, या वेळेची नाही.

सहा आकड्याची दुसरीही एक गोष्ट आहे. सहा पलटणी, प्रत्येकीत सहा हुद्द्यांचे अधिकारी, एकूण ३६. त्यांना चौकोनात असं उभं करायचं की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रांगेत सगळ्या पलटणी आणि सगळे हुद्दे एकेकदा यावेत. ऑयलरने १७८२ मध्ये म्हटलं, हे जमत नाही. आणि अंदाज केला की १०, १४, १८ अशा त्या मालिकेतल्या सगळ्याच संख्यांना जमणार नाही. सहापुरतं ते खरं ठरलं. बाकीचा अंदाज १९५९ मध्ये बोस, पार्कर आणि शरदचंद्र श्रीखंडे या तिघांनी मोडून काढला. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ती बातमी आली. हे श्रीखंडे नागपूरला शिकलेले, आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे कालिन्याच्या विभागाचा वारसा हा आहे : मोठ्या माणसाचं म्हणणंही सिद्धतेशिवाय मान्य करायचं नाही.

आणि आपली परीक्षा काय विचारते? ‘अमुक प्रमेय लिहा आणि सिद्ध करा.’ ते प्रमेय नोट्समध्ये असतं, मागच्या पाच वर्षांच्या पेपरांत असतं. मुलं ते पाठ करतात. आम्ही स्वतः केलं आहे. कॉम्पॅक्टनेसची दीड पानाची सिद्धता आम्ही स्वल्पविरामासकट उतरवली होती आणि चांगले गुण घेतले होते. नंतर एकाने विचारलं, यातली ‘सांत’ ही अट काढली तर काय बिघडतं? उत्तर आलं नाही. पुढे सेट आणि नेट, तिथे पर्याय निवडायचे. म्हणजे पदवी मिळून वर पात्रता परीक्षाही पास होता येते, आणि मधल्या काळात स्वतःची एकही सिद्धता कुणासमोर उभं राहून मांडावी लागत नाही. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. ऑन जॉब ट्रेनिंगचा घोळ त्यापुढे किरकोळ.

यावरचा उपाय कुणाला सुचला नाही, असंही नाही. मुंबई विद्यापीठातच शिकवणाऱ्या एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस नावाचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा त्याला आधार मिळाला. तिथे शिक्षक सांगत कमी आणि विचारत जास्त. मुलगा फळ्यापाशी अडकला की त्याला अडकू देतात. चार आठवडे फक्त, पण तिथून आलेली मुलं वेगळं बोलतात. आम्हाला खटकतं ते हे की, जे चार आठवड्यांच्या शिबिरात होतं ते दोन वर्षांच्या पदवीच्या बाहेर राहिलं.

भाषेचंही बोलायला हवं. मराठी शाळेतल्या मुलाने दहावीच्या भूमितीत पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहिलेलं असतं. स्वतःच्या भाषेत ‘म्हणून’ आणि ‘कारण’ वापरून तर्क मांडायची ती बहुतेकांची शेवटची वेळ. पुढे सगळं इंग्रजी, आणि इंग्रजी कच्चं असलं की पाठांतर हाच आसरा. भिवंडीत उर्दू शाळांतून आलेल्या मुलींचंही तेच. पेपर इंग्रजीत असू द्या, हरकत नाही. पण तोंडी विचारताना मुलगी उर्दूत विचार मांडत असेल तर ऐकायला काय हरकत आहे?

प्रवासाचं तुम्हाला काय सांगायचं. टेमघरहून कल्याण नाहीतर ठाणे, मग लोकल, मग कालिना. मेट्रो ५ च्या मार्गावर टेमघर आहे, तेवढा दिलासा. नोकरी करणारे दूरशिक्षणाने एमएस्सी करतात. त्यांना छापील नोट्स मिळतात, पण सिद्धता ऐकून ‘ही पायरी कशी आली?’ विचारणारं माणूस मिळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, फळा आणि महिन्यातले दोन रविवार लागतात. १८ क्रेडिटपैकी ४ जरी अशा तोंडी मांडणीला दिली, दोन परीक्षक आणि आधी न पाहिलेला एक प्रश्न, तर आम्ही बाकीच्या साच्याबद्दल फार कुरकुर करणार नाही.

आता प्रश्नोत्तरं. पण आधी आमचा एक प्रश्न. पाचपासून पुढे, सहा सोडून, प्रत्येक संख्येच्या धाग्यांचा नियमित साटीन विणता येतो. विषम संख्येला दोनने सरकवलं की झालं, ते सोपं आहे. सम संख्येला कितीने सरकवायचं? मराठी, उर्दू, हिंदी, काहीही चालेल. खडू इथे आहे, कोण येतंय?