नट व संगीतरचनाकार, मराठी संगीत रंगभूमीवरील (खानदेशच्या संदर्भात)

मराठी संगीत नाटकात गाणारा नट आणि त्याच्या पदांना चाली देणारा संगीतरचनाकार यांचे परस्परसंबंध पाश्चात्त्य संगीतनाट्याहून मूलतः भिन्न राहिले आहेत. या संबंधांचा विचार करताना खानदेशातील दोन स्थळांकडे लक्ष जाते. पूर्व खानदेशातील जळगाव येथे बालगंधर्वांच्या (२६ जून १८८८–१५ जुलै १९६७) गायनशिक्षणास प्रारंभ झाला, तर पश्चिम खानदेशातील तापीकाठच्या थाळनेर (जि. धुळे) या गावाशी मास्टर दीनानाथ मंगेशकर (२९ डिसेंबर १९००–२४ एप्रिल १९४२) यांचा विवाहामुळे संबंध जडला. ही दोन्ही नाती योगायोगाची आहेत, हे खरे. तथापि संगीत रंगभूमीच्या दोन परस्परविरोधी गायनप्रवृत्ती या दोन नटांच्या ठिकाणी एकवटल्या असल्याने त्यांचा एकत्र विचार करणे सोयीचे ठरते.

जुन्या खानदेश जिल्ह्याची १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम अशी विभागणी झाली. कापसाच्या व्यापारामुळे या भागातील बाजारपेठांत पैसा खेळू लागला होता आणि मुंबईहून वऱ्हाड-नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही ठिकाणे येत असल्याने नाटक मंडळ्यांना येथे मुक्काम करणे सुलभ झाले. चाळीसगावहून धुळ्यास जाणारा फाटा सुरू झाल्यावर तेही शहर या वाटेशी जोडले गेले. पिकाचा पैसा हाती आल्यावर वऱ्हाड-खानदेशचा दौरा काढावयाचा, हा मंडळ्यांचा शिरस्ता होता. मात्र येथील प्रेक्षक नागर नाटकांपूर्वी रंगभूमीशी अपरिचित होता, असे समजणे चुकीचे होय. तमाशा, खंडोबाची वही व सोंगे यांची जुनी परंपरा या प्रदेशात होती. संगीत नाटकाने तिच्यापासून जवळजवळ काहीच घेतले नाही. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) घरोटे फिरविता फिरविता ज्या बोलीत ओव्या रचीत होत्या, तिचा एकही शब्द त्याच काळात त्या मुलखात गाजत असलेल्या पदांत आढळत नाही. संस्कृतप्रचुर पदरचना हा संगीत नाटकाचा अलंकार मानला गेला. ते त्याचे वैगुण्यही होते, याकडे समकालीन रसिकांनी सहसा लक्ष दिले नाही.

नारायण श्रीपाद राजहंस यांच्या बालपणातील शालेय शिक्षणाची काही वर्षे जळगाव येथे गेली व तेथेच मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांनी संगीताचे प्राथमिक धडे घेतले. लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकून त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने ते १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. भाऊराव कोल्हटकरांच्या निधनानंतर (१९०१) मंडळीत निर्माण झालेली पोकळी त्यांच्या शकुंतलेने भरून काढली. पुढे गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या (१८४३–८५) संगीत नाटकांत चाली देणारा असा स्वतंत्र संगीतरचनाकार नव्हता. शाकुंतल (१८८०) व सौभद्र (१८८२) या नाटकांची पदे साकी, दिंडी, कामदा इ. परिचित वृत्तजातींत, तसेच कीर्तन, लावणी व कर्नाटकी पदे यांच्या चालींवर नाटककारानेच बसविली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी वीरतनय (१८९६) या नाटकापासून पारशी-उर्दू रंगभूमीवरील चटकदार चाली आणल्या. (कोल्हटकरांनी ज्या जळगावी वकिली केली ते बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोद होय, खानदेशातील जळगावाशी त्याची गल्लत करू नये.) चालींची निवड करणारा स्वतंत्र संगीतज्ञ खऱ्या अर्थाने पुढे आला तो कृ. प्र. खाडिलकरांच्या मानापमान (१२ मार्च १९११) या नाटकापासून. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी त्यात ठुमरी, कजरी यांसारख्या पूरबी ढंगाच्या चाली योजिल्या. त्या ऐकताना प्रेक्षकांस प्रथमच असे वाटले, की पद हे कथानकास चिकटविलेले नसून पात्राच्या स्वभावातून फुटले आहे. भामिनीची मिजास व तिचे वितळणे ही दोन्ही चालींतच होती. बालगंधर्वांनी ती तेथून उचलली.

स्वयंवर (१९१६) या नाटकासाठी भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी दिलेल्या चाली वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांत त्यांनी ख्यालगायकीतील अस्सल चिजांचा आधार घेतला व त्या मराठी शब्दांच्या मापाने बेतल्या. मैफलीत निवडक श्रोत्यांपुरते असलेले रागसंगीत त्यामुळे सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचले. जळगाव-धुळ्याच्या ज्या व्यापाऱ्याने उस्तादाची बैठक कधी ऐकली नव्हती, त्याच्याही कानावर रुक्मिणीच्या पदांतून राग पडू लागले. ही कामगिरी मोठी आहे. मात्र नाट्यदृष्ट्या स्वयंवर हे मानापमानाहून उणे आहे व त्याचे कारण संगीताच्या याच समृद्धीत आहे. ख्यालाची चीज विस्तार मागते. विस्तार वेळ मागतो. आणि एका पदाला वेळ देताना पुढचा प्रवेश थांबून राहतो. रुक्मिणी ही व्यक्तिरेखा अखेर गाण्याच्या बैठकीचे निमित्त ठरते.

येथे मराठी आणि इंग्रजी-अमेरिकन परंपरांतील भेद स्पष्ट होतो. गिल्बर्ट (१८३६–१९११) व सलिव्हन (१८४२–१९००) यांच्या संगीतिका सौभद्राच्या समकालीन होत. द मिकाडो रंगभूमीवर आला तो १८८५ मध्ये. तेथे सलिव्हनची स्वरलिपी छापलेली असे, वाद्यवृंद तीनुसार वाजवी आणि तालमीत गिल्बर्टचा हुकूम चाले. नट कितीही लोकप्रिय असला, तरी स्वरावलीत फेरफार करण्याची मुभा त्याला नव्हती. टेंबे वा भास्करबुवा यांनी दिलेली चाल हा केवळ आराखडा असे. तो रंगमंचावर दर प्रयोगात नव्याने भरला जाई आणि भरणारा नट असे. सलिव्हनचे संगीत नटाच्या अनुपस्थितीतही सलिव्हनचेच राहते. स्वयंवरातील पदे मात्र रसिकांच्या तोंडी ‘बालगंधर्वांची पदे’ म्हणूनच राहिली. भास्करबुवांचे नाव जाणकारांपुरते उरले. कर्तृत्वाच्या या वाटणीत संगीतरचनाकारावर अन्याय झाला, हे मान्य करावे लागते. परंतु केवळ मूळ चीज आणि बालगंधर्वांचे गायन यांची तुलना केली, तरी नटाचा वाटा सजावटीपुरता नव्हता, हेही दिसून येते.

अमेरिकन रंगभूमीवर या परिस्थितीशी मिळतीजुळती स्थिती अल जॉल्सन (१८८६–१९५०) या गायक नटाच्या बाबतीत दिसते. सिंदबाद या खेळात त्याने जॉर्ज गर्श्विनचे ‘स्वानी’ हे गीत मागाहून घुसडले व ते गाजविले. गर्श्विन प्रथम सर्वतोमुखी झाला तो त्यामुळे. कथानक बाजूला ठेवून प्रेक्षकांसाठी गात राहणे, ही जॉल्सनची रीत मराठी प्रेक्षकाच्या ‘वन्समोअर’च्या सवयीहून फारशी निराळी नाही. पण अमेरिकन संगीतिकेने शो बोट (१९२७) व पुढे ओक्लाहोमा! (१९४३) या कृतींतून गीत कथेशी बांधून घेतले आणि नटाची सद्दी आवरली. मराठीत असे वळण आंधळ्यांची शाळा (१ जुलै १९३३) या नाटकाने दिले. केशवराव भोळे (१८९६–१९६७) यांनी मोजक्या पदांना भावानुकूल चाली दिल्या व स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. ही दिशा योग्य होती. परंतु तोवर बोलपटामुळे संगीत नाटकाचा प्रेक्षकच ओसरू लागला होता.

बालगंधर्वांच्या गायनाचे मर्म सांगताना त्यांच्या आवाजाच्या गोडव्याचाच उल्लेख वारंवार होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे शब्दाचा उच्चार. त्यांची तान शब्दावर लादलेली नसते. ती शब्दाच्या स्वरान्तातून निघते व त्यावरच परतते. लयीशी त्यांचे नाते खेळकर आहे. ते ठेक्याच्या किंचित मागे राहतात व समेवर सहज येतात. अहमदजान थिरकवा यांच्यासारखा तबलावादक आणि कादरबक्ष यांच्यासारखा सारंगीवादक साथीस असल्याने हा खेळ विशेष खुलला. एकच प्याला (१९१९) मधील सिंधू ही त्यांची सर्वश्रेष्ठ भूमिका म्हणावी लागेल. राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली होती. भरजरी शालू व अत्तरे यांसाठी प्रसिद्ध असलेला हा नट येथे ठिगळांच्या लुगड्यात उभा राहिला. सिंधूच्या दारिद्र्यात तानबाजीला जागा नव्हती. म्हणूनच तिचे गाणे बोलण्याच्या अगदी जवळ आले. रुक्मिणीत नट गाण्यामागे लपतो, सिंधूत गाणे नटामागे येते. रसिकांचा कौल बहुधा रुक्मिणीकडे झुकला. तो संगीताचा कौल होता, नाट्याचा नव्हे.

स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषनटांची प्रथा इंग्लंडमध्ये १६६० नंतर स्त्रिया रंगभूमीवर येताच मोडली. एडवर्ड किनस्टन हा तिचा अखेरचा नामवंत प्रतिनिधी होय. मराठीत ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत टिकली, इतकेच नव्हे तर बालगंधर्वांची वेशभूषा व केशरचना यांचे अनुकरण सुशिक्षित घरांतील स्त्रिया करू लागल्या. त्यांच्या उतारवयातही ती चालू राहिली, हे मात्र रसिकांच्या भक्तीचे लक्षण असले तरी कलेच्या हिताचे नव्हते.

दीनानाथांचे गायन याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. किर्लोस्कर मंडळीत उमेदवारी केल्यानंतर १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. थाळनेर येथील हरिदास लाड या गुजराती गृहस्थांच्या नर्मदा या कन्येशी १९२२ मध्ये त्यांचा विवाह झाला व तिच्या निधनानंतर तिची भगिनी शेवंती हिच्याशी १९२७ मध्ये ते विवाहबद्ध झाले. लता मंगेशकर आदी भावंडांचे आजोळ ते हेच. दीनानाथांच्या आवाजाचा पल्ला मोठा, तान वेगवान व तुटक, पंजाबी ढंगाच्या हरकतींनी भरलेली. बालगंधर्व श्रोत्याला आश्वस्त करतात, तर दीनानाथ त्याला दचकवितात. रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) यांच्यासारखा अनवट रागांचा जाणकार संगीतरचनाकार त्यांना लाभल्याने ही वृत्ती पोसली गेली. रणदुंदुभि (१९२७) मधील तेजस्विनी व सावरकरांच्या संन्यस्त खड्ग (१९३१) मधील सुलोचना या भूमिकांत तिला नाट्यदृष्ट्याही आधार सापडला. कारण त्या नाटकांचा विषयच आवेशाचा होता. भावबंधनातील लतिकेचा अवखळपणाही त्यांच्या गळ्याला मानवला. कोमल प्रसंगांत मात्र त्यांची चपळ तान भावाच्या पुढे धावते आणि प्रसंग मागे राहतो. बालगंधर्वांच्या गादीवर बसण्याची इच्छा न धरता त्यांनी स्वतःची वाट पाडली, याचे श्रेय वझेबुवांनाही द्यावयास हवे. संगीतरचनाकाराने नटाच्या गळ्याचा कल ओळखून चाली निवडल्याचे याहून चांगले उदाहरण मराठी रंगभूमीवर विरळाच.

तिसरे नाव केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त मानापमानात त्यांचा धैर्यधर व बालगंधर्वांची भामिनी एकत्र आली. एकाच संहितेत दोन भिन्न गायकी शेजारी उभ्या राहिल्याने चाल नटानुसार किती पालटते, याचा प्रत्यय त्या रात्री आला असणार. थोड्याच दिवसांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवरावांचे निधन झाले.

भास्करबुवांच्या निधनानंतर गंधर्व मंडळीच्या संगीताची धुरा त्यांचे शिष्य मास्टर कृष्णराव (१८९८–१९७४) यांनी वाहिली. मेनका (१९२६) व विशेषतः कान्होपात्रा (१९३१) यांत त्यांनी अभंगाला रागसंगीताची बैठक दिली. यामुळे नाट्यपदाचे भजनात रूपांतर होऊ लागले. पंढरीच्या वारीशी नाते असलेल्या ग्रामीण प्रेक्षकाला ही पदे स्वयंवरापेक्षा जवळची वाटणे स्वाभाविक होते. परंतु १९३० नंतरच्या दशकात दोन्ही मंडळ्या कर्ज व चित्रपट यांच्या कचाट्यात सापडल्या. बालगंधर्वांनी धर्मात्मा (१९३५) या प्रभातच्या बोलपटात संत एकनाथांची भूमिका केली. ज्याने आयुष्यभर स्त्रीवेश वागविला, त्या नटास पुरुषवेशात पाहणे प्रेक्षकांना रुचले नाही. नंतर ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५५) व पद्मभूषण (१९६४) हे सन्मान त्यांना विपन्नावस्थेत लाभले.

संगीतरचनाकाराला नटाच्या बरोबरीचे स्थान मिळाले ते पुढील पिढीत. जितेंद्र अभिषेकी (१९२९–९८) यांच्या मत्स्यगंधा (१९६४) व कट्यार काळजात घुसली (१९६७) या नाटकांतील पदे चालीच्या कर्त्याच्या नावाने ओळखली जातात. पदांची संख्या घटली, वन्समोअर मंदावला आणि चाल बरीच निश्चित झाली. वसंतराव देशपांडे यांच्यासारखा गायक नट मात्र खाँसाहेबांच्या भूमिकेत ती जुन्या मोकळेपणाने फुलवीत असे.

जळगाव येथे बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे व त्यांच्या नावाने संगीत महोत्सवही भरविला जातो. या स्मरणात स्वाभाविकपणे गायक पुढे राहतो, नट मागे पडतो. त्यास ध्वनिमुद्रिकाही कारणीभूत आहेत. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. रंगमंचावर दीर्घ काळ चालणारे पद त्यासाठी आवळून घ्यावे लागे. प्रसंग, पूर्वीचे भाषण, सहनटाचा प्रतिसाद आणि प्रेक्षकांचा हुंकार हे सर्व त्यातून गळाले. दीनानाथांच्या बाबतीत तर ध्वनिमुद्रिका संख्येनेही थोड्या आहेत व त्यांत तानेचा वेग तेवढा ऐकू येतो. तेजस्विनी कशी उभी राही, हे त्यांवरून कळत नाही.