वॉल्डनचे तळे आणि महाडचे तळे

निसर्ग आणि अध्यात्म यांची सांगड घालणारे लेखन मराठीत निघाले की थोरोचे नाव येतेच. दुर्गाबाई भागवतांनी त्याच्या 'वॉल्डन'चा अनुवाद 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने केला, तेव्हापासून हा अमेरिकन आपल्याकडे ऋषी म्हणून वावरतो आहे. तळ्याकाठची झोपडी, घेवड्याचा मळा, पक्षी आणि एकांत. थोरो सरकारविरुद्ध उभा राहिलेला माणूसही होता. दुर्गाबाईंनी तो बाणा स्वतः जगून दाखवला, आणीबाणीत तुरुंगात गेल्या. वाचकांनी मात्र उचलला तो विहार. माझा वाद या उचलण्याशी आहे.

वडखळ परिसरातल्या माझ्या वर्गात मी थोरो शिकवत होतो. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, झोपडीची जागा कोणाची होती?" खारेपाटातल्या पोराला हाच प्रश्न आधी सुचणार. इथे उधाणाने बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि भात जातो. बांध कोणी घालायचा, पीक कोणाचे, गोडे पाणी कुठून आणायचे, हे आमचे निसर्गविषयक प्रश्न. याच भागातल्या चरी गावी कुळांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला आणि जमिनी पडीक ठेवल्या. त्या पडीक रानावर कोणी ललितलेख लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

जागा एमर्सनची होती. हा थोरोचा गुरू. कोलरिज आणि कार्लाइल यांच्या मार्फत जर्मन तत्त्वज्ञान अटलांटिक ओलांडून त्याच्याकडे आले, आणि 1836 च्या 'नेचर' या पुस्तकात त्याने सृष्टी ही आत्म्याचेच रूप आहे असे मांडले. त्याच समुद्रमार्गाने आमच्याकडची पुस्तकेही तिकडे गेली. चार्ल्स विल्किन्सची इंग्रजी गीता 1785 ची, विल्यम जोन्सची मनुस्मृती 1794 ची. थोरोने दोन्ही वाचली. जानेवारी 1843 च्या 'डायल' या त्यांच्या नियतकालिकात त्याने मनुस्मृतीचे वेचे छापले. संयम, शुद्धी, अध्यापन, भक्ती असे मथळे. 'ब्राह्मण' असाही मथळा आहे. 'शूद्र' असा नाही.

'वॉल्डन'मध्येही तो या हिंदू स्मृतिकाराचे कौतुक करतो. खाणे, पिणे, मलमूत्र, कोणतीच गोष्ट त्याला क्षुल्लक वाटली नाही, हीन ते त्याने उंचावले, असे थोरोला वाटते. हे वाचताना मी पुस्तक मिटले होते. त्या मलमूत्राची व्यवस्था ज्यांच्या डोक्यावर दिली गेली ते थोरोला दिसले नाहीत. तो दुष्ट नव्हता. त्याच्यापर्यंत पुस्तक पोचले, माणसे पोचली नाहीत.

याच ग्रंथात हिवाळ्यातल्या तळ्याचे प्रकरण आहे. 1846-47 च्या हिवाळ्यात आयरिश मजुरांनी वॉल्डनचा बर्फ कापून नेला. असा बर्फ तेव्हा जहाजाने हिंदुस्थानात येत असे. थोरो रंगून जातो : मुंबई, मद्रास, कलकत्त्याचे लोक माझ्या विहिरीचे पाणी पितात! सकाळी गीता वाचून तो पाण्याला जातो, तर तिथे त्याला गंगाकाठच्या ब्राह्मणाचा सेवक भेटतो. तो धन्यासाठी पाणी भरायला आला आहे, आणि दोघांच्या बादल्या एकाच विहिरीत एकमेकींना घासतात.

हे स्वप्न सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण ते ज्या देशाविषयी आहे तिथे बादलीला बादली लागणे हाच गुन्हा होता. वडखळ नाक्यावरून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे महाड लागते. बोले यांच्या 1923 च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना कागदावर खुले केले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागोमाग हजारोंनी ते पाणी प्यायले. त्या दिवशी त्यांची डोकी फुटली, आणि नंतर पंचगव्याचे 108 घडे ओतून तळे शुद्ध करण्यात आले. गुरे त्याच तळ्यावर पीत होती. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. उच्च न्यायालयाचा निकाल लागायला 1937 उजाडले.

अध्यात्माचे लोक म्हणतील, थोरोच्या अद्वैतात समता आहेच. बाबासाहेबांनी हाच मुद्दा 'रिडल्स'मध्ये घेतला आहे. महाराष्ट्र शासनाने हे पुस्तक 1987 मध्ये छापले. सर्वांत एकच ब्रह्म असेल तर लोकशाहीला याहून भक्कम पाया नाही, हे ते मान्य करतात, आणि मग विचारतात की या ब्रह्माचा समाजावर परिणाम का झाला नाही. निसर्गवादी समीक्षकांनी या प्रश्नाला हात घातलेला नाही.

थोरोला झोडून मला थांबायचे नाही, कारण त्याच पुस्तकात उत्तराची एक वाट आहे. 'पूर्वीचे रहिवासी' या प्रकरणात तो वॉल्डनच्या रानात राहून गेलेल्या काळ्या माणसांची नावे घेतो : केटो इंग्रॅम, सूत कातणारी झिल्फा, टेकडीला ज्याचे नाव आहे तो ब्रिस्टर फ्रीमन. हे कधीकाळी गुलाम असलेले लोक. त्यांच्या घरांच्या जागी उरलेले खड्डे तो दाखवतो आणि विचारतो, काँकर्ड टिकले, मग ही वस्ती का बुडाली? उत्तर तो नीट देत नाही. पण त्याचा एकांत कोणाच्या उजाड घरांवर उभा आहे, हे तो लपवत नाही. हाच थोरो 1846 मध्ये गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारून एक रात्र तुरुंगात राहिला आणि 1859 मध्ये जॉन ब्राऊनच्या बाजूने उभा राहिला. 1873 मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. आमचे अमेरिकेशी नाते तिथून सुरू होते.

दलित साहित्यात निसर्ग नाही, हा आक्षेप जुना आहे. माझी आजी पाणवठ्यावर दूर उभी राहून कोणीतरी वरून ओतील म्हणून घडा धरून थांबत असे. तिला आभाळ, पाणी, ऊन सगळे दिसत होते. ते वर्णन आमच्या आत्मकथनांत पानोपानी आहे. समीक्षकाने त्याची नोंद 'सामाजिक आशय' या रकान्यात केली.

आता मी वर्गात बर्फाचे प्रकरण आणि महाडच्या खटल्याची हकीकत एकाच तासाला वाचायला देतो. मुले बादलीच्या वाक्यावर थांबतात. एकीने विचारले, "सर, त्या सेवकाची जात कोणती?" थोरोने लिहिलेली नाही. तिने वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.