भाद्रपदातली डेलिली

डेलिली जुलैची, असं न्यू जर्सीत कुणीही सांगेल. त्या महिन्यात पेट्रोल पंपाच्या कडेला आणि पार्किंगमधल्या वाफ्यांत 'स्टेला दे ओरो'चे बुटके पिवळे ताटवे असतात, जुन्या रस्त्यांच्या चरांतून नारिंगी डेलिली माजलेली असते. डोळे निवतात, यात शंका नाही. पण त्या गर्दीत आपण रंगच पाहतो, फूल पाहायचं राहून जातं. फूल पाहायचं तर ऑगस्ट सरू द्यावा. बाकीचे वाण फुलून झालेले असतात, त्यांची पानं टोकाकडून वाळत आलेली असतात, आणि परसाच्या कुंपणाशी उशिरा फुलणारे दोन-चार उंच दांडे उभे असतात. एका दांड्यावर एका दिवशी एखादंच फूल. मग नजर त्याच्यावरच ठरते.

अशा फुलाजवळ सकाळी चहाचा कप घेऊन जावं. सहा पाकळ्या दिसतात, पण त्या एकसारख्या नसतात. मागच्या तीन अरुंद आणि जरा कडक, पुढच्या तीन रुंद, मऊ. कळी होती तेव्हा मागच्या तिघींनीच पुढच्यांना झाकून धरलं होतं. प्रत्येक पाकळीच्या मधोमध एक फिकट शीर उतरत जाते आणि या सगळ्या शिरा घशाशी एकत्र येतात. तिथला पिवळा रंग हळूहळू हिरवट होत जातो. सहा पुंकेसर त्या घशातून बाहेर येऊन टोकाला वर वळतात. त्यांच्याही पुढे एकटी कुक्षिवृंती, अशी लांब की परागकण आपसूक तिच्या टोकावर पडू नयेत. एवढी सगळी मांडणी एका दिवसापुरती. रात्री उशिरा किंवा पहाटे उघडलेलं फूल त्याच संध्याकाळी मिटू लागतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिळून टाकलेल्या ओल्या चिंधीसारखं लोंबतं.

दुसऱ्या दिवशीचं हे फूल नुसतं खुडून टाकून चालू लागू नये. ते गळून पडतं तिथे दांड्यावर एक छोटा वण उरतो. सप्टेंबरच्या दांड्यावर असे वण ओळीनं असतात, एक डावीकडे, पुढचा उजवीकडे. कारण या झाडाची फांदी नागमोडी वाढते आणि प्रत्येक कळी आधीच्या कळीच्या बगलेतून निघते. बोट फिरवलं तर आतापर्यंत किती दिवस फुलले ते हाताला लागतं, आणि टोकाशी उरलेल्या बारीक हिरव्या कळ्यांवरून किती बाकी आहेत तेही दिसतं. जुलैत हे वण पानाफुलांच्या दाटीत झाकलेले असतात. मला तर उशिराच्या डेलिलीची खरी गंमत या दांड्यातच वाटते: फूल आजचं, पण दांडा महिनाभराचा हिशेब धरून उभा.

माझ्या आवडीचा उशिराचा वाण 'ऑटम मिनारेट'. तो सुमारे साडेपाच फूट उंच होतो, म्हणजे फूल जवळजवळ आपल्या डोळ्यांपाशी येतं. सोनेरी पिवळ्या फुलावर मध्ये गंजासारखी एक अस्पष्ट छटा. पाकळ्या अरुंद, मागे झुकलेल्या. हा वाण १९५१ सालचा आणि तो घडवला न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या डॉ. ए. बी. स्टाउट यांनी. रस्त्याकडेच्या नारिंगी डेलिलीला बी का धरत नाही, या प्रश्नानं स्टाउट या झाडाकडे ओढले गेले आणि पुढे आयुष्यभर त्यातच रमले. त्या नारिंगी डेलिलीची गुणसूत्रं दुपटीऐवजी तिपटीत असतात, म्हणून बी नीट बनत नाही. ती पसरते ती जमिनीखालून धावणाऱ्या खोडांवाटे. 'ऑटम मिनारेट'ची उंची मात्र दुसरीकडून आली. नानजिंगजवळच्या डोंगरावरची एक फार उंच, फिकट पिवळी डेलिली तिथे शिकवणाऱ्या आल्बर्ट स्टुअर्ड यांच्यामुळे स्टाउटना मिळाली. 'अल्टिसिमा' हे तिचं शास्त्रीय नाव स्टाउट यांनीच १९४२ मध्ये दिलं. ती संध्याकाळी उमलते आणि तिला वास असतो. आपल्याकडे ब्रह्मकमळ उमलणार म्हणून शेजाऱ्यांना बोलावून रात्र जागवतात. ही त्याच गोत्रातली नाही, पण रात्रीला आपलं मानणारी आहे खरी.

आज नोंदवलेल्या वाणांची संख्या लाखाच्या घरात आहे. नव्या वाणांच्या पाकळ्या जाड, रुंद, कडेला चुण्या आणि दाते असलेल्या. छायाचित्रांत त्या फार भारदस्त दिसतात, आणि जुलैच्या उकाड्यात बागेतही शोभतात. पण सप्टेंबरच्या गार रात्रीनंतर तीच जाडी त्यांना जड जाते. चुणीदार कडा एकमेकींत अडकतात, फूल अर्धवट उघडून तसंच राहतं, उन्हं वर आली तरी पुरतं सुटत नाही. 'ऑटम मिनारेट'ची पातळ, साधी पाकळी अशा सकाळीही सहज उलगडते. शिवाय अडीच-तीन फुटांवर बसलेलं जड फूल वाऱ्यात हलत नाही. हा उंच बारीक दांडा मात्र वाऱ्याची जराशी झुळूक आली की डुलतो, आणि तिरप्या उन्हात पाकळीतून उजेड आरपार येतो. नव्या संकरकारांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. तरीही बाग म्हणजे फुलाचं प्रदर्शन नव्हे. झाड हवेत, उन्हात, ऋतूत कसं वागतं ते पाहण्याची ती जागा आहे, आणि त्या कसोटीवर सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीचा हा वाण मला आजच्या पुष्कळ वाणांहून सरस वाटतो.

इथे मराठी घरांत गणपती बसतात ते याच दिवसांत. जास्वंद कुंडीतली, दूर्वा लॉनच्या कोपऱ्यातल्या, आणि ताम्हनात परसातली दोन पिवळी डेलिली. सकाळच्या पूजेत वाहिलेलं फूल रात्रीच्या आरतीपर्यंत मिटून जातं, म्हणून कुणी कुरकुरतं. दांड्यावर उद्याची कळी फुगून रंगावर आलेली असते, तिच्याकडे बोट दाखवलं की कुरकुर थांबते.

अशी उशिराची डेलिली लावायचीच असेल तर भिंतीच्या आडोशाला लावू नका. कुंपणाशी, जिथे सकाळचं ऊन मोकळं येतं अशा जागी, समोर फ्लॉक्ससारखं काही कमरेइतकं झाड असेल असं लावा, म्हणजे वाळत चाललेली खालची पानं झाकली जातात आणि दांडे वर निघून येतात. पहिल्या वर्षी फुलं थोडी येतील, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गड्डा भरला की दांडे वाढतील. आणि शेवटची दोन-तीन फुलं खुडू नका: बी धरलं तर तीन कप्प्यांचं हिरवं बोंड पुढे तपकिरी होऊन फाटतं आणि आत चकचकीत काळ्या बिया निघतात. त्या पेरल्या तर आईसारखं फूल येईलच असं नाही, पण काय येतं ते पाहायला दोन-तीन उन्हाळे थांबायची माझी तयारी आहे.