एका तबकडीची पाठचिकित्सा

दिवाळी अंकातल्या टीकालेखाचे स्थान फराळाच्या ताटातल्या लोणच्याच्या फोडीसारखे असते. ती नसली तर कोणी तक्रार करीत नाही, आणि असली तर मुले ती मोठ्यांच्या ताटात सरकवतात. हे मला ठाऊक आहे. म्हणून ह्या वर्षी परीक्षणासाठी मी कादंबरी घेतलेली नाही, कवितासंग्रह घेतलेला नाही. घेतले आहे ते एक मनगटी घड्याळ. वाचकांनी हसू नये. घड्याळालाही पाठ असतो, पाठभेद असतात, आणि क्षेपके तर असतातच असतात.

झाले असे की, पुण्याला नोकरीस असलेला माझा भाचा श्रावणात तेलगावला आला आणि त्याने एक डबी माझ्या हातात ठेवली. "मामा, तुमच्या जन्मसालाचं घड्याळ शोधून काढलंय. एकोणऐंशी सालचं." डबीत एचएमटीचे 'जनता' होते. तबकडी मोरपिशी निळी, सेकंदकाटा नारिंगी, काच अशी लख्ख की तीत घरातल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहून घ्यावे. शाळेतून आलेल्या मुली ओरडल्याच. मीही हरखलो. मॅट्रिकवर थांबलेल्या व वस्तीशाळेतून गुरुजी झालेल्या माणसाला कोणी त्याच्या जन्माचे साल मखमलीत गुंडाळून आणून देईल, असे माझ्या कोणत्याच कादंबरीत घडलेले नाही.

जन्मसालाचे घड्याळ शोधण्याचा हा नाद आता सर्वत्र पसरला आहे. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते ओमेगाच्या यंत्रावरील क्रमांक तक्त्याशी ताडून पाहतात. जपानच्या सेकोने तर मागच्या झाकणावरच सोय करून ठेवली: क्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा, दुसरा महिन्याचा. पण तेथेही दशक सांगितलेले नाही. नऊ म्हणजे 1969 की 1979, हे घड्याळाच्या घडणीवरून ज्याचे त्याने ओळखायचे. आमच्यासारख्यांचे घड्याळ म्हणजे एचएमटी. जपानच्याच सिटिझन कंपनीच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळुरूला हा कारखाना निघाला, आणि पुढची पंचवीस वर्षे खेड्यातल्या नवरदेवाची मागणी सायकल, रेडिओ आणि एचएमटी ह्या तीन शब्दांत मावत होती. 1987 नंतर टायटनची सेलवर चालणारी घड्याळे बाजारात आली, चावी देणारी बोटे आळसावली, आणि 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर ह्या घड्याळांना जुनेपणाची किंमत आली. जिवंतपणी न विचारलेल्या म्हाताऱ्याच्या तेराव्याला पंगती उठाव्यात, तसे हे आहे.

आता कृतीकडे वळू. 'जनता' ही मूळ रचना मी थोर मानतो. पांढरट तबकडी, बारीक काटे, अंगावर दागिना नाही, तारखेची खिडकी नाही. पोटात सतरा माणके, म्हणजे यंत्राची चाके जेथे फिरतात तेथे बसविलेले कृत्रिम माणकाचे चिमुकले खडे. तासाला अठरा हजार ठोके. आणि हे सारे चालते ते रोज सकाळी माणसाने दिलेल्या चावीवर. तबकडीवर नाव देवनागरीत: जनता. सरकारी कारखान्याने स्वतःच्या मालाला 'कोहिनूर'ही म्हटले, 'पायलट'ही म्हटले. पण ज्याने ह्या साध्या घड्याळाला 'जनता' म्हटले त्याला शब्दाचे वजन कळत होते. दोष काढायचाच तर एक काढतो: रुंद मनगटावर ते पाहुण्यासारखे अंग चोरून बसते. परंतु हा दोष कोयता धरणाऱ्या मनगटांचाही असेल.

असे असता भाच्याने आणलेली प्रत मला दुसऱ्या दिवशी खुपू लागली. सवय वाईट, वह्या तपासणाऱ्या माणसाची नजर शिरोरेषेवर आधी जाते. 'जनता'ची शिरोरेषा 'ज' आणि 'न' यांच्यामध्ये तुटलेली होती. 'ता'चा काना खाली उतरताना जाड झाला होता. विज्ञानाच्या पेटीतले भिंग लावले तेव्हा तबकडीच्या कडेला रंगाचे पापुद्रे दिसले, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नव्हत्या, आणि 'पॅराशॉक' ह्या इंग्रजी शब्दातले एक अक्षर लिहिणाऱ्याने चक्क गाळले होते. कारखान्यात असे होत नाही. पाटीवर उजळणी गिरवणाऱ्या मुलाच्या हातून होते.

ते घेऊन मी माजलगावला एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला काच लावून झाकण उघडले आणि म्हणाले, "गुरुजी, यंत्र जुनं आहे. तबकडीला रंग मारलाय. आणि झाकण आतून घासलंय बघा." मी विचारले, आतून घासायचे कारण काय? त्यांनी उत्तर न देता खण ओढला व दुसरे एक 'जनता' काढून त्याचे झाकण माझ्यापुढे उपडे ठेवले. आत सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते: 4-81, त्याखाली 11-83, मग 2-88, मग एक न लागणारा, मग 6-96. घड्याळ उघडून तेलपाणी केले की दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत तारीख कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी कळते की मागचा हात कधी फिरला. "ह्यातल्या दोन माझ्या वडलांच्या हातच्या," घड्याळजी म्हणाले.

मला ते झाकण एखाद्या पोथीच्या समासासारखे वाटले. घड्याळाच्या तबकडीवर साल नव्हते. एचएमटी ते लिहीत नसे. परंतु एप्रिल 1981 मध्ये ते तेलपाण्याला आले होते, म्हणजे त्यापूर्वी ते कोणाच्या तरी मनगटावर चालून थकले होते. किती पूर्वी? 1979? 1980? झाकण तेवढे सांगत नाही. पण जे सांगते ते खरे सांगते. भाच्याच्या घड्याळाला मात्र साल होते, विकणाऱ्याच्या तोंडचे, आणि ज्या जागी पुरावा असायचा ती जागा घासून चकचकीत केलेली होती.

येथे कोणी म्हणेल, पुसट तबकडी उजळली तर बिघडले काय? आमच्या पैठणच्या नाथांनीही ज्ञानेश्वरी शुद्ध केलीच की! आक्षेप वजनदार आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी अनेक हातांनी बिघडलेला पाठ नीट केला. पण त्यांनी आपण काय केले ते सांगितले, कधी केले तो शक ग्रंथाच्या अखेरीस नोंदवला, आणि पुढे कोणी आपली भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. नाथांनीसुद्धा झाकणाच्या आत तारीख कोरली, असे मी म्हणेन. म्हणूनच पुढे राजवाड्यांना एकनाथपूर्व म्हणून एक पोथी 1909 मध्ये छापता आली व पंडितांना त्यावर भांडता आले. रंगाऱ्याचा अपराध रंग मारण्यात नाही. घड्याळ विकताना तो 'रंगवलेले' हा एक शब्द खातो आणि आधीच्या दुरुस्त करणाऱ्यांच्या खुणा पुसतो, येथे तो अपराधी ठरतो. हाच अपराध आमच्या वाङ्मयातही बोकाळला आहे. जुन्या लेखकांच्या नव्या आवृत्त्या निघतात. त्यांत भाषा कोणी, कुठे, का बदलली ह्याची एक ओळही नसते. मुखपृष्ठ मात्र मोरपिशी निळे!

हे सारे मी ओट्यावर बसून भाच्याला तावातावाने समजावीत होतो. तो बिचारा हिरमुसला होता; दीड हजार रुपये त्याच्या पगारातले होते. आई शेंगा फोडीत होती. ती मध्येच म्हणाली, "एकोणऐंशी कोण म्हन्तंय? गिराण लागलं तवा तू पोटात व्हतास. सूर्याचं गिराण. आमी सांगलीकडं ऊसतोडीला. मला दिवसभर कोपीत कोंडून ठिवली, विळ्याला हात लावू दिला न्हाई. फडावर सुट्टी ती तेवढीच."

मी गप्प झालो. सूर्यग्रहण 16 फेब्रुवारी 1980 चे. कर्नाटकात रायचूरकडे ते खग्रास दिसले. सांगलीकडेही भर दुपारनंतर उजेड मलूल झाला असणार. त्या दिवशी मी जर पोटात होतो, तर शाळेच्या दाखल्यावरची माझी 1 जून 1979 ही जन्मतारीख कोठून आली? ती कोठून आली हे मराठवाड्यातल्या कोणत्याही गुरुजीला विचारावे. आई-बाप फडावर, नाव घालायला आजोबा आलेले. गुरुजींनी मुलाचा हात डोक्यावरून उलट्या कानाला लागतो का ते पाहिले, सहा वर्षे पुरी होतील असे साल मागे मोजले आणि शाळा उघडण्याच्या महिन्याचा पहिला दिवस लिहून टाकला. आमच्या केंद्रातल्या निम्म्या शिक्षकांचा वाढदिवस एक जूनला येतो. मीच साखर कारखान्याच्या वाटेवरच्या पालांतून मुले गोळा करीत असताना अशा किती तबकड्या रंगवल्या असतील! तारीख ठाऊक नसली की एक जून. आत कोठे ओरखडा ठेवला नाही. एका पोरीची आजी म्हणाली होती, "पोळ्याच्या आदल्या राती झाली," आणि मी ते ऐकून घेतले व रकान्यात एक जूनच लिहिले, कारण पोळा इंग्रजी तारखेत बसवायला त्या दिवशी माझ्याजवळ पंचांग नव्हते.

तेव्हा माझ्या जन्मसालाचे घड्याळ हा शोधच मुळात पाठभेदावर अडकला आहे. दाखल्याप्रमाणे 1979, आईप्रमाणे 1980. निवृत्ती दाखल्याप्रमाणे होईल. सरकार ग्रहण मानीत नाही. भाचा म्हणाला, "मग मामा, दोन घड्याळं ठेवा." त्याच्या थट्टेत तथ्य होते.

मी माजलगावचे घड्याळ घेतले. तबकडी चहाच्या डागासारखी पिवळी पडली आहे, सहाचा आकडा जवळजवळ गेला आहे, आणि दिवसाला ते चार मिनिटे पुढे धावते. घड्याळजींनी विचारले, "तबकडी चकाचक करून देऊ का?" मी नको म्हणालो. मग त्यांनी यंत्राला तेल दिले, झाकण हातात घेतले आणि 6-96 च्या खाली सुईने चालू महिना व साल कोरले. निळे घड्याळ मी भाच्याला परत केले नाही. थोरली मुलगी ते शाळेत घालून जाते. मात्र तिच्याकडून मी त्या मखमली डबीच्या तळाशी एक चिठ्ठी लिहून घेतली आहे: 'यंत्र जुने, तबकडी रंगवलेली, साल ठाऊक नाही.'

राहिला त्या पोळ्याच्या पोरीचा प्रश्न. ती आता सातवीत आहे. दिवाळीनंतर तिच्या घरची टोळी निघायच्या आत जुने पंचांग मिळवून मी तिच्या आजीकडे जाणार आहे. तिला साल आठवते का, आणि त्या साली बैल कोणते होते, हे आधी विचारावे लागेल.