५७ टक्के, पण कुणाचे? मुंबईचा सिरो सर्व्हे वाचताना

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा आणि त्याच्यावर टीका करा. पहिला भाग बहुतेकांना जमतो. दुसऱ्या भागात मात्र 'सॅम्पल साइझ लहान होती' असं म्हणून मंडळी मोकळी होतात. हे वाक्य जगातल्या जवळजवळ कुठल्याही पेपरबद्दल म्हणता येतं, त्यामुळे तुम्ही तो पेपर वाचलाय की नाही हे समोरच्याला त्यातून अजिबात कळत नाही.

म्हणून आज मी मुद्दाम असा पेपर घेतलाय ज्याची सॅम्पल साइझ मोठी होती, पद्धत चांगली होती, लिहिणारे जाणकार होते, आणि तरीही ज्यातला एक आकडा शहरभर भलत्याच अर्थाने फिरला. जुलै २०२० मधला मुंबईचा सिरो सर्व्हे. नीती आयोग, मुंबई महापालिका आणि कुलाब्याची टीआयएफआर यांनी मिळून केलेला. अनुप मलानी, उल्लास कोल्थुर, संदीप जुनेजा वगैरे लेखकांची नावं तुम्हाला पेपरवर दिसतील. तो पुढे लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये जेमतेम दोन पानांत छापून आला. दोन पानं आहेत, आजच वाचा.

आधी काय केलं ते. मुंबईच्या २४ वॉर्डांपैकी ३ वॉर्ड निवडले: माटुंग्याचा एफ उत्तर, चेंबूरचा एम पश्चिम आणि दहिसरचा आर उत्तर. प्रत्येक वॉर्डात झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी असे दोन भाग. लोकांना रँडम पद्धतीने निवडून त्यांचं रक्त घेतलं आणि सार्स-कोव्ह-२ विरुद्धच्या आयजीजी अँटीबॉडी तपासल्या. २८ जुलैला पालिकेने निकाल जाहीर केला: झोपडपट्टीत ५७ टक्के, इमारतींत १६ टक्के. तेव्हा शहरात नोंदवलेले रुग्ण होते लाखाच्या थोडे वर. म्हणजे आरटी-पीसीआरने दिसत होतं त्याच्या कितीतरी पट संसर्ग होऊन गेला होता. हे आपल्याला या सर्व्हेमुळे कळलं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. दवाखान्यात आलेल्यांचं रक्त तपासणं सोपं असतं. भर पावसाळ्यात, साथ चालू असताना, घरोघरी जाऊन रँडम सॅम्पल घेणं हे खरं काम.

आता टीका.

पहिली गोष्ट, हा 'मुंबईचा' आकडा नाही. तीन वॉर्डांचा आहे, आणि ते तीन वॉर्ड २४ मधून चिठ्ठ्या टाकून काढलेले नाहीत. (कित्येक जण याला 'धारावीचा सर्व्हे' म्हणतात. धारावी जी उत्तर वॉर्डात येते, ती या सर्व्हेत नव्हतीच.) मीरा रोडला राहणाऱ्या माझ्यासारख्यांना यातली गंमत चांगली कळते. दहिसर चेकनाक्यापर्यंत आर उत्तर वॉर्ड; नाका ओलांडला की मीरा-भाईंदर महापालिका, ठाणे जिल्हा, सर्व्हेच्या बाहेर. पण त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरही 'आपल्यापैकी निम्म्यांना होऊन गेलाय' हे वाक्य फिरत होतंच.

'आपल्यापैकी' म्हणजे कुणापैकी? जरा गणित करू. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत साधारण ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात. तीन वॉर्डांचे आकडे घटकाभर सगळ्या शहराला लावले, तर ०.४२ गुणिले ५७ म्हणजे सुमारे २४, आणि ०.५८ गुणिले १६ म्हणजे ९ च्या आसपास. बेरीज ३३. म्हणजे निम्मे नाहीत, एक तृतीयांश. हे गणित करायला स्टॅटिस्टिक्सची पदवी लागत नाही, पेनाची मागची बाजू पुरते.

मग सगळ्यांना ५७ च का आठवतो? माझ्या मते त्याचं कारण ६० हा आकडा. हर्ड इम्युनिटीचं सूत्र तुम्हाला माहीत असेल: एक वजा, एक भागिले आर-नॉट. आर-नॉट २.५ धरला की उत्तर ६० टक्के येतं. २०२० मध्ये हे ६० सगळीकडे छापून येत होतं, त्यामुळे ५७ दिसताच लोकांना वाटलं की आलंच स्टेशन. पण सूत्रातला आर-नॉट हा विषाणूचा जन्मखूण असल्यासारखा कायमचा गुण नाही. लोक किती दाटीने राहतात, किती जणांना भेटतात यावर तो बदलतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे तो ४ धरा, उंबरठा ७५ टक्क्यांवर जातो. ज्या वस्तीत ५७ टक्के सापडले, त्या वस्तीत तो इतका वर गेला याचाच अर्थ तिथे प्रसार जास्त होता आणि उंबरठाही वरच असणार. पेपरमधला आकडा मोजलेला होता. उंबरठ्याचा आकडा गृहीत धरलेला. दोन्ही एकाच वाक्यात शेजारी बसवले की दोन्ही मोजल्यासारखे वाटायला लागतात. लिट रिव्ह्यू लिहिताना हे फार सहज होतं, सांभाळा.

आता माझा मुख्य मुद्दा. या सर्व्हेतला कामाचा आकडा ५७ नव्हताच, १६ होता.

साथ थोपवायची असेल तर किती जणांना होऊन गेलं यापेक्षा किती जण अजून कोरे आहेत आणि ते कुठे राहतात, हा प्रश्न मोठा. सर्व्हेने उत्तर दिलं होतं: इमारतींत राहणारे १०० पैकी ८४. ५७ मध्ये चांगली बातमी होती म्हणून तिचा मथळा झाला, १६ मध्ये इशारा होता म्हणून तो मथळ्याच्या खाली गेला. मार्च २०२१ च्या सुरुवातीला पालिकेने सांगितलं की आधीच्या दोन महिन्यांतले सुमारे ९० टक्के रुग्ण इमारतींतले आहेत. ४ एप्रिल २०२१ ला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण नोंदले गेले.

इथे थांबा. 'बघा, सर्व्हे खरा ठरला' असं लगेच म्हणू नका. मलाही तसं म्हणायचा मोह होतो, कारण माझ्याच मुद्द्याला ते सोयीचं आहे. पण ९० टक्के रुग्ण इमारतींतले असण्याचं दुसरं सरळ कारण असू शकतं: इमारतींतले लोक टेस्ट जास्त करतात. रोजंदारीवरचा माणूस पॉझिटिव्ह आला तर चौदा दिवसांची मजुरी जाते, तो ताप अंगावर काढतो. रुग्णसंख्या आणि अँटीबॉडी या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. दोन्हींतून एकच दृश्य दिसतंय असं वाटलं तरी दोन्हींच्या काचा वेगवेगळ्या रंगाच्या असतात. मला वाटतं दोन्ही कारणं खरी होती. कुठलं किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

पुढच्या फेऱ्या बघितल्या की आणखी मजा येते. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच तीन वॉर्डांत दुसरी फेरी झाली: झोपडपट्टीत ४५ टक्के, इमारतींत १८. महिन्याभरात ५७ चे ४५? ज्यांना होऊन गेला त्यांचा 'न होऊन गेला' कसा होईल? दुसऱ्या फेरीत माणसं वेगळी होती, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं: पहिल्या फेरीतली अ‍ॅबटची चाचणी न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या काही महिन्यांत उतरत जातात हे पुढे बऱ्याच ठिकाणी दिसलं. अँटीबॉडी सापडली नाही म्हणजे संसर्ग झालाच नव्हता असं नाही, आणि संरक्षण संपलं असंही नाही. म्हणजे ज्याला आपण 'किती जणांना होऊन गेला' म्हणत होतो, ते प्रत्यक्षात 'किती जणांच्या रक्तात आज इतक्या प्रमाणात अँटीबॉडी आहे' असं होतं.

मार्च २०२१ ची फेरी तर वेगळीच जात. ती सगळ्या २४ वॉर्डांत झाली, पण रक्त घरोघरी जाऊन घेतलेलं नव्हतं. पालिकेच्या दवाखान्यांत आणि खासगी लॅबमध्ये इतर तपासण्यांसाठी आलेलं उरलेलं रक्त वापरलं. दवाखान्यांतल्या नमुन्यांत ४१ टक्क्यांच्या थोडं वर, खासगी लॅबच्या नमुन्यांत २८ च्या वर. हे आकडे ५७ आणि १६ च्या पुढे मांडून रेघ ओढली की ग्राफ छान दिसतो, पण ती रेघ तीन वेगळ्या गोष्टींना जोडते. दवाखान्यात रक्त द्यायला आलेला माणूस म्हणजे झोपडपट्टीतला सरासरी माणूस नव्हे. असा ग्राफ मी एका प्रेझेंटेशनमध्ये पाहिलाय, आणि प्रश्न कुणीच विचारला नाही.

चाचणीच्या दुरुस्तीबद्दल थोडक्यात. पेपरमध्ये कच्चा आकडा झोपडपट्टीत ५४.१ टक्के आणि इमारतींत १६.१ असा आहे. चाचणीची चूक धरली की तो साधारण ५८ आणि १७ च्या घरात जातो. चाचणी काही जणांना हुकवत असेल आणि खोटे पॉझिटिव्ह देत नसेल, तर ५४.१ ला चाचणीच्या सेन्सिटिव्हिटीने भागायचं, इतकं ते सोपं आहे. म्हणजे बातमीतला ५७, पेपरमधला ५४.१ आणि दुरुस्त ५८ असे तीन आकडे बाजारात आहेत. थिसिसमध्ये लिहाल तेव्हा कुठला ते लिहा. ५४.१ च्या शेजारी ५२.७ ते ५५.६ असा कॉन्फिडन्स इंटरव्हलही दिसेल. तो इतका अरुंद बघून हुरळू नका. तो फक्त योगायोगाने पडणारा फरक सांगतो. ८,८७० नमुन्यांचं लक्ष्य होतं, पालिकेच्या निवेदनानुसार मिळाले ६,९३६. न मिळालेल्या माणसांबद्दल तो इंटरव्हल काही बोलत नाही. छापलेल्या पेपरमध्ये झोपडपट्टीतले ४,२०२ आणि इमारतींतले २,७०२ आहेत. सोसायटीत आधी वॉचमन, मग सेक्रेटरी, मग घरातले असे तीन दरवाजे उघडावे लागतात. ज्यांनी उघडले ते आणि ज्यांनी नाही ते सारखेच सावध होते का, हा प्रश्न विचारायला हवा.

मृत्यूंचा आकडा मला सगळ्यात जास्त खटकतो. संसर्ग झालेल्यांमधला मृत्युदर ०.०५ ते ०.१० टक्के, असं तेव्हा जाहीर झालं. छेद सर्व्हेने नीट मोजला. अंश मात्र पालिकेच्या नोंदीतून आला, आणि त्याच्या महिनाभर आधीच, १६ जून २०२० ला, मुंबईच्या मृत्यूंच्या यादीत आधी न धरलेले ८६२ मृत्यू एका दिवसात घालावे लागले होते. पेपरमध्ये झोपडपट्टीतला दर इमारतींपेक्षा कमी निघतो. तिथली लोकसंख्या तरुण असते, त्यामुळे हे खरंही असू शकतं. पण याच शहरात १९१८ च्या इन्फ्लुएंझात तेव्हाच्या नोंदींप्रमाणे 'खालच्या' मानलेल्या जातींतल्या हिंदूंमध्ये हजारी ६१.६ आणि युरोपियनांमध्ये ८.३ मृत्यू झाले होते. जिथे दाटी आणि गरिबी, तिथे मृत्यू कमी, असं उत्तर आलं की मी आधी अंशाकडे बघते.

आणि शेवटी शौचालयं. झोपडपट्टीत प्रमाण जास्त असण्याचं कारण म्हणून सार्वजनिक शौचालयांसारख्या सामायिक सोयींकडे बोट दाखवलं गेलं. पटण्यासारखं आहे. पण सर्व्हेने ते तपासलं नव्हतं. ज्यांच्या घरात शौचालय आहे आणि ज्यांच्या नाही अशा शेजाऱ्यांची तुलना त्यात नाही. पेपरमध्ये काय मोजलं आणि चर्चेत काय सुचवलं, यांना वेगळ्या रंगाने अधोरेखित करायची सवय लावून घ्या. प्रतिबंधाच्या दृष्टीने फरक मोठा पडतो: दोष शौचालयाचा असेल तर फवारणी आणि पाणी, हवेचा असेल तर खिडकी आणि मास्क. २०२० मध्ये आपण फवारणीवर किती पैसा घातला ते आठवा.

तुम्हाला असा सर्व्हे मीरा-भाईंदरमध्ये करायचा असेल, तर 'झोपडपट्टी आणि इमारत' ही विभागणीच आधी मोडून पडेल. २०११ मध्येच इथे आठ लाखांहून जास्त लोक होते. शांतीनगरच्या जुन्या चार मजली इमारतींत वन आरकेमध्ये राहणारं पाच जणांचं कुटुंब कागदावर बिगर-झोपडपट्टी. उत्तनच्या कोळीवाड्यातलं स्वतःचं बैठं घर कुठे टाकणार? काशीमिऱ्याकडचे टॉवर आणि त्यांना खेटून असलेल्या चाळी एकाच प्रभागात येतात. मी तरी घराचा प्रकार सोडून खोलीमागे माणसं किती आणि खिडक्या किती हे विचारेन, आणि त्याच्या जोडीला एक प्रश्न: कामाला कसे जाता? जून २०२० पासून लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी चालू होत्या. भाईंदरहून रोज गाडी पकडणारी नर्स आणि तिच्याच मजल्यावर घरून काम करणारा शेजारी यांना सर्व्हेच्या तक्त्यात एकच रकाना मिळाला असता.